रात्रीचे दहा : रामदासपेठेतील मैफल आणि रुग्णशय्या

नागपूरच्या मध्यवर्ती भागातील रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली या वस्त्यांमध्ये रुग्णालये मोठ्या संख्येने एकवटली आहेत. त्याचबरोबर उपाहारगृहे व हॉटेले यांमुळे सायंकाळनंतर हा परिसर गजबजलेला असतो. 1923 साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची सीताबर्डीवरील वास्तू आणि सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह ही कलाकेंद्रेही येथून दूर नाहीत. एकीकडे रसिक व दुसरीकडे रुग्ण अशा वस्तीत रात्रीच्या कार्यक्रमांची मर्यादा कोणती, हे आयोजकांनी व अधिकाऱ्यांनी नेमके जाणून घेणे अगत्याचे आहे.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. मात्र ही बंदी कलेवर नसून बाहेर पसरणाऱ्या आवाजावर आहे. सभागृह, समाजमंदिर यांसारख्या बंदिस्त जागेत, आतील श्रोत्यांपुरता ध्वनिक्षेपक वापरण्यास नियमात मुभा आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे 50 व 40 डेसिबल आहे. आकड्यांतील हा फरक किरकोळ वाटला, तरी 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे, हे ध्यानात ठेवावे.

सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासनास वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. तथापि ही सवलत शांतता क्षेत्रास लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीचा किमान 100 मीटर परिसर असे क्षेत्र म्हणून घोषित करता येतो.

या मर्यादेची किंमत कलेलाही मोजावी लागते. मालकंसासारखे राग परंपरेने उत्तररात्रीचे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. नियमांमुळे त्याला आपले वेळापत्रक बदलावे लागले. विदर्भाच्या पूर्व भागात धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीची नाटके रात्र जागवतात. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचा राष्ट्रीय गौरव झाला. परंतु मंडपाच्या कापडी कनातींनी आवाज अडत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ शहराचा नाही. तो ग्रामपंचायतींचाही आहे.

यावर उपाय साधे आहेत. ध्वनिक्षेपकासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीच घ्यावी. कर्ण्यांची तोंडे रुग्णालयाकडे व वस्तीकडे नसावीत. खुल्या जागेतील कार्यक्रम लवकर सुरू करावेत. रात्रीचा कार्यक्रम बंदिस्त सभागृहात घ्यावा. ज्या गावी नाटकांची परंपरा आहे, तेथे पंचायतींनी समाजमंदिर बांधतानाच रंगमंचाचा व भिंतींचा विचार करावा. आजाऱ्याची झोप आणि कलावंताची रात्र या दोहोंचे रक्षण अखेर अशा पूर्वतयारीनेच होऊ शकेल.