घंटा वाजल्यानंतर

कोथरूडच्या कोणत्याही रस्त्याने निघालो तरी शिकवण्यांच्या पाट्या दिसतातच. अबॅकस, ऑलिंपियाड आणि इंग्रजी स्पेलिंगही. आपल्या समाजातील अनेक घरांत मुलानातवंडांसाठी अशी शुल्के हौसेने भरली जातात. त्या घरांनी ‘स्पेलबाउंड’ हा माहितीपट एकदा एकत्र बसून अवश्य पाहावा.

जेफ्री ब्लिट्झ यांचा हा माहितीपट २००२ चा असून त्याला ऑस्करसाठी नामांकन मिळाले होते. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा १९२५ मध्ये अवघ्या नऊ मुलांनिशी सुरू झाली. १९९९ मध्ये तिच्यात २४९ मुले उतरली. त्यांपैकी आठ जणांच्या घरी हा माहितीपट आपल्याला नेतो. त्यांत इंग्रजी न येणाऱ्या मेक्सिकन मजुराची मुलगी आहे, तसाच सधन भारतीय घरातला नील आहे. नीलचे वडील त्याच्याकडून अथक तयारी करून घेतात. त्याच्या यशासाठी भारतात हजार माणसांकरवी प्रार्थनाही करवली जाते. व्यासपीठावर मात्र नीलला ‘दार्जिलिंग’ हा आपल्या चहाच्या डब्यावरचा शब्द येतो आणि तो अडखळतो!

विजेती ठरली फ्लोरिडाची नूपुर लाला. आदल्या वर्षी ती लवकर बाद झाली होती. उरलेल्या २४८ मुलांच्या वाट्याला आली ती चूक झाल्याची घंटा. केवळ निकाल मांडला, तर हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. पण या स्पर्धेच्या ताळेबंदात एक जमेची बाजू आहे. शब्द मिळाल्यावर मुलाला त्याचा अर्थ विचारता येतो. तो कोणत्या भाषेतून आला, वाक्यात कसा वापरतात, हेही विचारता येते. म्हणजे उत्तर देण्याआधी प्रश्न विचारण्याची येथे मुभा आहे. ही सवय घंटा वाजल्यानंतरही मुलाजवळ शिल्लक राहते.

अमेरिकेतील भारतीयांनी यात आणखी एक भर घातली. १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘नॉर्थ साउथ फाउंडेशन’ ही संस्था तेथील भारतीय मुलांसाठी अशा स्पर्धा भरवते आणि त्यांच्या शुल्कातून भारतातील गरजू, हुशार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. २०१९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत आठ जण संयुक्त विजेते ठरले. त्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते आणि त्यांत सुखटणकर हे मराठी कानाला ओळखीचे आडनावही होते.

शब्दाचे मूळ शोधण्याचा हा आनंद आपल्या घरीही विनाशुल्क मिळू शकतो. पेढीवरचे ‘जमा’ आणि ‘बाकी’ हे शब्द अरबीतून आले, ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, तर ‘धन’ संस्कृतातले. जेवताना असा एखादा शब्द मुलांपुढे ठेवून पाहावा.

स्पर्धेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र पुढचा अर्ज भरण्यापूर्वी आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी मिळून एक गोष्ट ठरवावी: घंटा ऐकून मूल आपल्याकडे परतेल, तेव्हा त्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा?