घराण्याची वही उघडा, घाबरू नका!

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला जमलो की आपण काय काय बोलतो! सोन्याचा भाव, मुलांचे मार्क, धाकट्या जावेची नवी साडी. पण ‘माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता’ हे वाक्य मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही. बोललंच तर आवाज एकदम खाली येतो. का सांगू? घरात लग्नाची मुलगी असते ना! उद्या कुणी म्हणालं, ‘त्यांच्या घराण्यात ते आहे हं,’ तर?

आज त्या कुजबुजीबद्दलच बोलू या. कारण आपण जे दडवतो, तेच समजून घेण्यासाठी कितीतरी संशोधक घरदार सोडून परक्या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून राहतात, शिकतात आणि ती विद्या आपल्या गावी घेऊन येतात.

पुण्याची लेक

अशीच एक पाहुणी आपल्या पुण्याची. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म 1917 चा. फर्ग्युसनमध्ये शिकल्या. 1939 मध्ये लग्न झालं आणि एम.एस्सी., पीएच.डी. दोन्ही त्यांनी लग्नानंतर केलं, बरं का! 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या कशा, ते तिथे शिकल्या. परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध शोधू पाहणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचं नाव घेतात. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पुढे 1990 मध्ये अमेरिकेच्या डॉ. मेरी-क्लेअर किंग यांनी वर्षानुवर्षं घराण्यांच्या वंशावळी तपासून दाखवून दिलं, की काही घरांतल्या स्तनाच्या कॅन्सरचं मूळ सतराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. तोच ‘बीआरसीए-1’ जनुक. तो नेमका हाती लागला 1994 मध्ये. वर्षभरानं ‘बीआरसीए-2’ सापडला.

एका अक्षराची चूक

जनुक म्हणजे काय? आजीची पाककृतींची वही डोळ्यांपुढे आणा. आजीकडून आईकडे, आईकडून तुमच्याकडे, हातानं उतरवत आलेली. उतरवताना कुणीतरी ‘चमचाभर मीठ’च्या जागी ‘वाटीभर’ लिहिलं, तर पुढच्या प्रत्येक वहीत तीच चूक! आपल्या पेशीतल्या वहीत सुमारे तीनशे कोटी अक्षरं आहेत. बीआरसीएचं काम पेशीतली मोडतोड दुरुस्त करण्याचं. त्यातच चूक झाली, तर दुरुस्ती अडते आणि कॅन्सरचा धोका वाढतो.

पाहुणे संशोधक हे वाचायला शिकतात. नळीभर रक्तातून डीएनए वेगळा करायचा, यंत्रानं त्यातली अक्षरं वाचायची, संगणकावर जुळवून पाहायची. पण खरी परीक्षा पुढेच. सापडलेला फरक धोक्याचा, निरुपद्रवी, की अजून न उमगलेला? हे ठरवायला हजारो जणींच्या नोंदी लागतात. आजवरच्या नोंदी बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांच्या. त्यामुळे आपल्या बायकांच्या बाबतीत ‘अजून उमगलं नाही’ हे उत्तर जास्त वेळा येतं. म्हणून तर आपल्याकडच्या मुलामुलींनी शिकून इथल्या घराण्यांचा अभ्यास करायला हवा. कमलताईंच्या त्या केंद्राचाच वारसा सांगणारी, टाटा मेमोरियल सेंटरची संस्था आज नवी मुंबईत खारघरला आहे. तिथे असं काम चालतं आणि बाहेरचे विद्यार्थीही शिकायला येतात.

पण त्यांची सगळी यंत्रं एका ठिकाणी अडतात. ‘घरात आणखी कुणाला होता?’ या प्रश्नाला तुम्ही ‘कुणालाच नाही’ म्हणून खोटं सांगितलंत, तर यंत्र बिचारं काय करणार?

तुम्ही काय कराल?

एक वही घ्या. आजी, आई, मावश्या, आत्या, बहिणी यांची नावं लिहा. कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला, कितव्या वर्षी, तेही लिहा. वडिलांकडची माणसं विसरू नका. ही चूक वडिलांकडूनही येते, आणि पुरुषांनाही क्वचित स्तनाचा कॅन्सर होतो. पन्नाशीच्या आत झालेला आजार आणि एकाच बाजूच्या दोघी-तिघींना झालेला आजार ठळक अक्षरांत लिहा. ही वही डॉक्टरांना दाखवा. चाचणी सरसकट सगळ्यांना लागत नाही. ती करण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलावं. शक्य असेल तर आजार झालेल्या बाईचीच तपासणी आधी होते.

आणि घाबरू नका. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच-दहा जणींचाच आजार असा वारशानं आलेला असतो. आईत चूक असली, तरी ती मुलीत येण्याची शक्यता निम्मी. आली, तरी तो आजार नव्हे, धोक्याची सूचना आहे. ती वेळेवर कळली, तर लवकर तपासण्या सुरू करता येतात, इतर उपायही असतात. मात्र ‘आमच्या घराण्यात नाही’ म्हणून निर्धास्तही राहू नका. बहुतेकींच्या घराण्यात आधी कुणालाच झालेला नसतो. गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर दिवाळी उरकू दे, मुलाची परीक्षा होऊ दे, असं म्हणत बसू नका. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते डॉक्टरांना सांगू दे.

राहिला मुलीच्या लग्नाचा प्रश्न. मुलीचं लग्न जमावं म्हणून आपण मावशीचा आजार झाकतो, आणि त्याच मुलीला तिच्या जिवाशी गाठ असलेली गोष्ट ठाऊक नसते. दडवल्यानं गाठ विरघळत नाही हो! तेव्हा दागिन्यांचा डबा लेकीच्या हाती द्याल, त्या दिवशी ही वहीही द्या.