सहीची राखण

खानदेशांतील जुन्या पेढ्यांवर हुंडी लिहिण्याची एक ठराविक रीत होती. रकमेचा आंकडा घातला कीं काम संपलें, असें लिहिणारा मानीत नसे. रुपये पांचशें असतील, तर त्यांचे निमे अडीचशें आणि त्याची दुप्पट पांचशें, असें अक्षरी लिहून तो रक्कम चोहों बाजूंनीं बांधून टाकी. पांचशेंच्या आंकड्यापुढें एक शून्य वाढविणें कोणालाही साधेल. परंतु निम्म्याचा आणि दुपटीचा मेळ पुन्हां बसविणें सोपें नव्हे. शाहाजोग हुंडीची सावधगिरी याहूनही पुढची. ती घेऊन येणाऱ्या वाटेल त्याच्या हातावर पैसे ठेवावयाचे नाहींत. बाजारांत पत असलेल्या शहालाच ते द्यावयाचे, असा तिचा दंडक होता. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला भाव आला आणि जळगांवची पेठ भरभराटली. त्या काळचा व्यापार अशाच कागदांच्या विश्वासावर चाले.

हुंडी मागें पडली आणि चेक आला. त्याविषयींचा कायदा १८८१ सालचा असून तो अद्याप अमलांत आहे. चेकवरील दोन आडव्या रेघा म्हणजे एका परीनें शाहाजोग हुंडीचाच नवा अवतार. परंतु पेढीवरच्या मुनिमाची ती जुनी दक्षता मात्र आपल्या सुशिक्षित घरांत उतरली नाहीं. आतां मोबाईलवरून पुष्कळ देणेंघेणें होतें हें खरें. तरी जागेचा इसारा, केळीचा किंवा कापसाचा पैसा, कर्जाचें तारण, संस्थेची देणगी असे मोठे व्यवहार धुळें-जळगांवकडे अजूनही चेकनें होतात. म्हणून या विषयाचा विचार घरांतील सर्वांनीं एकत्र बसून करणें अगत्याचें आहे.

चेकच्या बाबतींत लबाडी तीन वाटांनीं शिरते. पहिली, सहीच खोटी असणें. दुसरी, सही खरी पण रक्कम किंवा नांव मागाहून बदललेलें असणें. आणि तिसरी, कोऱ्या चेकवर आपणच सही करून तो दुसऱ्याच्या स्वाधीन करणें. या तिहींत नुकसान कोणाच्या माथीं येतें, हें समजून घेतलें म्हणजे सावध कोठें राहावयाचें तें आपोआप कळतें.

सही खोटी असेल तर खातेदाराची बाजू बळकट असते. मंगळूर येथील एका कंपनीच्या हिशेबनिसानें संचालकाची खोटी सही करून बेचाळीस चेक वटविले आणि सव्वातीन लाखांहून अधिक रुपये लांबविले. कंपनीनें वेळच्या वेळीं हिशेब तपासला नाहीं, सबब दोष तिचाच, असें बँकेचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं, कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यांत, तें मान्य केलें नाहीं. खोटी सही म्हणजे खातेदाराची आज्ञाच नव्हे. आज्ञेवांचून दिलेले पैसे बँकेनें भरून द्यावे, असा निर्णय झाला. मात्र हा न्याय मिळविण्यासाठीं देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावें लागलें, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या प्रकारांत पारडें फिरतें. इंग्लंडांत एका पेढीच्या कारकुनानें मालकापुढें दोन पौंडांचा चेक सहीसाठीं ठेवला. अक्षरी रकमेची जागा कोरी होती आणि आंकड्याच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा होती. मालकानें घाईंत सही केली. कारकुनानें दोनाचे एकशें वीस केले आणि पैसे घेतले. तेथील लॉर्डांच्या सभेनें १९१८ सालीं हें नुकसान मालकाचेंच ठरविलें; कारण लबाडीला जागा त्यानेंच ठेवली होती. आपल्याकडील १८८१ च्या कायद्याच्या कलम ८९ चा रोखही असाच आहे. चेकमध्यें केलेला बदल दिसून येत नसेल आणि बँकेनें सद्भावनेनें व निष्काळजीपणा न करतां पैसे दिले असतील, तर बँक मोकळी होते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. सावकार, दलाल, एखादी पतसंस्था किंवा भिशीचा चालक तारण म्हणून सही केलेले कोरे चेक मागतो, आणि भिडेखातर आपण ते देतों. कलम २० प्रमाणें सही केलेला अपुरा दस्तऐवज हातीं देणें म्हणजे तो पुरा करण्याचा अधिकार देणें होय. बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं स्पष्ट केलें कीं, स्वखुषीनें सही करून दिलेला चेक कोरा असला तरी तो देण्यापोटींच दिला असें कायदा गृहीत धरतो. तसें नव्हतें हें सिद्ध करण्याचा भार सही करणारावर पडतो. चेक न वटल्यास कलम १३८ खालीं दोन वर्षांपर्यंत कैद आणि रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊं शकतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत, ऋण फेडल्यावर लेख फाडून टाकावा, असें सांगितलें आहे. फिटलेल्या कर्जाचा शाबूत कागद किती धोक्याचा, हें त्या स्मृतिकारानें ओळखलें होतें. म्हणून कर्ज फिटतांच आपले चेक मोजून परत घ्यावे व फाडावे. आणि मुळांत कोरा चेक देऊंच नये.

आतां चेक लिहिण्याविषयीं. नांव आणि अक्षरी रक्कम जागेच्या अगदीं डाव्या कडेपासून लिहावी. शेवटीं “फक्त” लिहून उरलेल्या जागेंत रेघ ओढावी. आंकडा रुपयाच्या खुणेला भिडवून लिहावा. डाव्या कोपऱ्यांत दोन आडव्या रेघा मारून त्यांत “अकाउंट पेयी” असें लिहावें आणि छापलेला “बेअरर” हा शब्द खोडावा. मग पैसे नांवाच्या खात्यांतच जमा होतात, कोणाच्या हातावर पडत नाहींत. लेखणी आपलीच वापरावी. कर्ज मिळवून देतों म्हणून घरीं आलेल्या माणसानें पुढें केलेल्या पेनाची शाई उष्णतेनें उडून जाते आणि सही तेवढी राहते, असे प्रकार घडलेले आहेत. खात्याची खूण म्हणून “रद्द” लिहिलेला चेक मागतात. त्यावर सही करण्याचें कांहीं कारण नाहीं. चेकचें छायाचित्र मोबाईलवरून पाठविणें तर कटाक्षानें टाळावें. नंबर, सही आणि खातें हातीं लागलें म्हणजे हुबेहूब दुसरा चेक तयार करतां येतो, आणि खरा चेक मात्र आपल्या पेटींत निर्धास्त पडून असतो!

बँकांची रीतही बदलली आहे, ती ठाऊक असावी. पूर्वीं चेकचा कागदच एका बँकेंतून दुसरीकडे जाई. २००८ सालीं दिल्लींत सुरू झालेल्या पद्धतीनें आतां कागद जमा करणाऱ्या बँकेंतच राहतो. आपल्या बँकेकडे त्याचें चित्र तेवढें जातें. या पद्धतींत तारखेखेरीज इतर खाडाखोड चालत नाहीं. चूक झाली तर नवा चेक लिहावा. चित्रावरून सर्व लबाड्या उमगत नाहींत, म्हणून रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०२१ पासून “पॉझिटिव्ह पे” नांवाची सोय केली. पन्नास हजार रुपये किंवा अधिक रकमेचा चेक दिला कीं, त्याचा नंबर, तारीख, नांव आणि रक्कम आपण बँकेला आधींच कळवावयाची. चेक आल्यावर बँक तें ताडून पाहते. पांच लाख व त्यावरील रकमेसाठीं ही नोंद सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. आपल्या बँकेंत ती कशी करावयाची, हें एकदां जाऊन विचारावें. चेक पेटींत टाकण्याऐवजीं खिडकीवर देऊन पावती मागितली, तर ती नाकारण्याचा अधिकार बँकेला नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट घडते. कर्त्या पुरुषाच्या सहीचे चार-सहा चेक आगाऊच कपाटांत ठेवलेले असतात. कोणीही लागेल तेव्हां घ्यावा. घरांतील सर्व माणसें सज्जन असतात, यांत संशय नाहीं. परंतु कपाटापर्यंत पोंचणारीं सर्वच माणसें घरचीं नसतात. वृद्ध आत्याबाईंची आयुष्याची पुंजी अशाच एका कागदानिशीं जाऊं शकते, आणि मग संशयाची सावली निर्दोष पुतण्यावर पडते. पैसा कदाचित् परत येईल. भाऊबंदकींत पडलेली तेढ सहसां सांधत नाहीं. म्हणून चेकबुक कुलुपांत असावें, नवें येतांच त्याचीं पानें मोजावीं, प्रत्येक दिलेल्या चेकची नोंद वहींत करावी आणि महिन्यांतून एकदां पासबुक सर्वांसमक्ष वाचावें. बँकेचे निरोप ज्या मोबाईलवर येतात, तो नंबर घरांतील चालत्या फोनचा आहे ना, हेंही पाहावें. हिशेब मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. विश्वास टिकविण्याचा तोच मार्ग आहे.

एवढें करूनही घात झालाच, तर लाजून गप्प बसूं नये. त्याच दिवशीं चेक थांबविण्याचें लेखी पत्र बँकेला द्यावें, पोंच घ्यावी, आणि पोलिसांत फिर्याद नोंदवावी. बँकेनें तीस दिवसांत दाद दिली नाहीं, तर १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेनें रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करण्याची वाट खुली केलेली आहे. पतसंस्था मात्र बँक नव्हे; तिच्याविरुद्धचें गाऱ्हाणें सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावें लागतें. आपला पैसा यांपैकीं कोठें आहे, हें घरांतील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला माहीत असलें पाहिजे. येत्या रविवारीं चेकबुक आणि वही घेऊन बसावें, आणि सही करून ठेवलेले कोरे चेक आढळले तर ते तेथल्या तेथें फाडून टाकावे.