नंदीबैलाचा होकार आणि बदललेला कायदा

पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ आणि कवड्या. गुबूगुबू वाजलं की आळीतली पोरं गोळा व्हायची. ‘यंदा पाऊस पडेल का?’ नंदीवाला विचारायचा आणि बैल मान डोलवायचा. साक्षात शंकराच्या वाहनाने दिलेला हा होकार! बायाबापड्या सुपातून धान्य आणून हात जोडायच्या.  

होकार अर्थात शिकवलेला असे. वेसणीच्या दोरीला हलका हिसका, आवाजात चढउतार, एवढी खूण बैलाला पुरे. पण वेसण नाकातून ओवलेली असते, हे विसरून चालणार नाही.

१९७०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी नंदीवाल्यांचा अभ्यास केला. मूळचे आंध्रकडचे हे लोक दर तीन वर्षांनी इंदापूरजवळच्या वडापुरीला जमत, असं त्यांनी नोंदवलं. पुढे माधव गाडगीळ यांच्यासोबतच्या अभ्यासातून, बैलाच्या खेळाशिवाय नंदीवाल्यांच्या पोटाचा दुसरा आधारही समोर आला. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरत.

हे दोन्ही आधार कायद्याच्या कक्षेत आले. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला. १९९८मध्ये केंद्राने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. ११ जुलै २०११च्या अधिसूचनेने त्या यादीत बैलही आला.

बैलाच्या वेदनेकडे कायद्याने पाहिलं, हे चांगलंच झालं. पण पुढचा वाद रंगला तो शर्यतींवर. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. २०१७मध्ये महाराष्ट्राने शर्यतींसाठी कायदा दुरुस्त केला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो वैध ठरवला. गाडामालकांची बाजू विधिमंडळात मांडली गेली. दारोदार फिरणाऱ्या नंदीवाल्याचं नाव त्या दुरुस्तीत नाही.

खेळ थांबवायचा असेल तर खेळ करणाऱ्याच्या पोटाची सोय आधी लावायला हवी. कागदावर नंदीवाले भटक्या जमाती ‘ब’ प्रवर्गात आहेत, सवलतीही आहेत. मात्र जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे बैल घेऊन गावोगाव फिरले, त्यांनी तो कुठून आणायचा? ही अट सैल करण्याचं काम सरकारचं आहे आणि ते आता व्हायला हवं.