कळपाचा राखणदार : गाढव की गोठा?

जुन्नर तालुक्यात माळशेज घाटाच्या वाटेवर, पिंपळगाव जोगे धरणाच्या परिसरात मढ हे गाव आहे. चार-पाच शेळ्या म्हणजे येथील अल्पभूधारकाची अडीअडचणीची पुंजी. त्यांतील एक दगावली तरी संसाराची घडी विस्कटते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत कळपाच्या राखणीसाठी गाढव पाळतात. आपल्याकडे त्याचा कितपत उपयोग होईल?

कुत्र्या-कोल्ह्यांची गाढवाला उपजत चीड असते. त्यांची चाहूल लागताच ते ओरडते, अंगावर धावून जाते व लाथा झाडते. कळपात एकच मादी किंवा खच्ची केलेला नर ठेवावा. दोन गाढवे असल्यास ती एकमेकांतच रमतात. शेळ्यांशी त्याची सोयरीक जुळण्यास काही आठवडे लागतात. मोनेन्सिन हे औषध मिसळलेले पशुखाद्य मात्र त्यास कदापि देऊ नये; ते प्राणघातक ठरते.

तथापि जुन्नर-आंबेगावातील खरा शत्रू बिबट्या होय. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले व उसात बिबट्यास आसरा मिळाला. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यावरून प्रश्नाचे स्वरूप ध्यानी यावे. बिबट्यापुढे गाढवाचा निभाव लागत नाही. ते स्वतःच भक्ष्य होण्याचा संभव असतो.

सारांश, गाढव हे दिवसाच्या चराईपुरते सोबती. रात्री मजबूत दाराचा व वरूनही झाकलेला बंदिस्त गोठाच हवा. जनावर मारले गेल्यास ते न हलविता वनखात्यास त्वरित कळवावे. पंचनाम्यानंतर नियमानुसार नुकसानभरपाई मिळते.