कादंबरी ‘आवडली’ म्हणजे नेमकं काय आवडलं?

वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक परत करताना बहुतेकांचं परीक्षण दोन शब्दांत आटोपतं. ‘मस्त आहे’ किंवा ‘नाही झेपलं’. मागे उभा असलेला वाचक ते ऐकतो आणि त्यावरून पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवतो. पुण्या-मुंबईत यानं फारसं बिघडत नाही. तिथे दुकानात जाऊन चार पानं चाळता येतात. बेळगाव, निपाणी, इंदूर, हैदराबाद इथल्या मराठी वाचकाची सोय तेवढी नाही. वाचनालयाचं कपाट, ओळखीतल्या कुणाची शिफारस, नाहीतर ऑनलाइन मागवणं, एवढंच हाताशी. वाचनालयंसुद्धा नवी खरेदी करताना मागणी बघतात. एखाद्या चांगल्या कादंबरीबद्दल तीन-चार जण ‘नाही झेपलं’ म्हणाले की ती कपाटात मागे सरकते आणि तिथेच राहते. म्हणून या दोन शब्दांत काय काय दडलेलं असतं ते बघायला हवं.

सुरुवात ऐतिहासिक कादंबऱ्यांपासून करू, कारण आपल्याकडे सर्वात जास्त हात फिरलेली पुस्तकं तीच. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, म्हणजे बेळगावकरांना तसे शेजारचेच. ‘स्वामी’बद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. वयस्कर वाचक म्हणतात, शेवट वाचताना आजही डोळे भरून येतात. तरुण म्हणतात, सगळे सारखे जड जड काय बोलतात? दोन्ही मतं खरी आहेत आणि दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत. देसाईंनी पेशव्यांच्या घरातला अदबीचा सूर बांधला. ज्याचा कान त्या सुराला सरावला त्याला रमा-माधवाचं नातं भिडतं, ज्याचा नाही सरावला त्याला ते नाटक वाटतं. इतिहास खरा की खोटा हा मुद्दा इथे येतच नाही.

तो यायला हवा मात्र. कर्नाटक किंवा मध्य प्रदेशच्या अभ्यासक्रमात शिकलेल्या मुलाला माधवराव पेशवे सविस्तर भेटतात ते बहुधा कादंबरीतच. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयानं गेले, वय जेमतेम सत्तावीस, हा इतिहास. पण त्या शेवटच्या दिवसांतले संवाद देसाईंचे. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’लाही (१९८८) हेच लागू. कादंबरी वाचून इतिहासावर वाद घालणारे आपल्याकडे भरपूर, आणि वादात कादंबरीकाराचं वाक्य पुरावा म्हणून फेकलं जातं. ‘कादंबरी म्हणून उत्तम’ आणि ‘इतिहास म्हणून विश्वासार्ह’ ही दोन वेगळी मतं आहेत, ती वेगळीच द्यावीत.

पौराणिक कादंबऱ्यांत हा घोळ आणखी मजेशीर होतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) वाचून कर्णाच्या प्रेमात न पडलेला मराठी वाचक विरळा. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण. प्रत्येकजण आपली बाजू मांडतो आणि वाचक कर्णाचा वकील होऊन बाहेर पडतो. मग तोच वाचक एस. एल. भैरप्पांची ‘पर्व’ उघडतो आणि गोंधळतो. इथे देव नाहीत, वर नाहीत, शाप नाहीत. पांडवांचे जन्मदाते देव म्हणजे डोंगराळ मुलखातल्या एका जमातीची माणसं. युद्ध म्हणजे धान्याची टंचाई, घाण, रोगराई. ‘आमचा कर्ण कुठाय?’ अशी तक्रार करत पुस्तक अर्ध्यावर सोडणारे बरेच आहेत.

माझ्या मते ‘पर्व’ मोठी कादंबरी आहे. पण ‘मृत्युंजय’च्या अपेक्षेनं ती वाचली तर निराशा ठरलेली. एक भारावून टाकायला लिहिलेली, दुसरी तो भार उतरवायला. शिफारस करताना एवढं एक वाक्य सांगितलं, तरी पुढचा माणूस पन्नासाव्या पानावर थांबणार नाही.

भैरप्पांचा विषय निघालाच आहे तर सीमाभागासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. ही कन्नड कादंबरी आपण मराठीत वाचतो ती उमा कुलकर्णींमुळे, आणि त्या जन्मानं बेळगावच्या. त्यांना कन्नड कळायचं, पण लिपी वाचण्याची सवय नव्हती. पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि त्या ऐकून मराठीत उतरवत. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ‘अनुवाद वाटतच नाही’ ही वाचकांची नेहमीची दाद आहे. कानानं ऐकून केलेल्या कामाचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं. भाषेवरून इथे एवढी भांडणं झाली, पण कन्नड कादंबरी मराठी घरातल्या टेबलावर निवांत पडलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये भैरप्पा गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत मराठी वाचकही खूप होते. त्यांच्या ‘आवरण’वर मतं टोकाची आहेत, आणि ती बहुतेक वेळा कादंबरीपेक्षा राजकारणाबद्दलची असतात.

रहस्य आणि भय यांचं गणित सोपं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी एका अख्ख्या पिढीला मराठी वाचायची गोडी लावली. त्यावर ‘वेळ झकास गेला’ हे मत पूर्ण आणि प्रामाणिक आहे, त्याबद्दल लाजायचं काही कारण नाही. नारायण धारपांकडे ‘तुंबाड’ सिनेमामुळे नवे वाचक वळले. त्यातल्या काहींना ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे हे कळलं की फसवल्यासारखं वाटतं. वाटू दे, पण भीती ओळखीच्या मराठी वातावरणात आणून बसवणं ही धारपांची स्वतःची कमाई आहे.

आता ‘काही घडतच नाही’ या तक्रारीकडे येऊ. ती सर्वात जास्त होते भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल (१९६३). गंमत म्हणजे सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (१९८२) हीदेखील पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचीच गोष्ट. तिथे कट्टा आहे, मारामारी आहे, प्रेम आहे, आणि २०१३ च्या सिनेमानंतर तर ती नव्यानं हातोहात गेली. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरला असा कट्टा सापडत नाही. तो खर्चाचे हिशेब मांडतो, टिंगल करतो, कंटाळतो, शेवटी गावी परततो. ज्याला गाव सोडून परक्या शहरात एकटं पडल्याचा अनुभव आहे, त्याला हे न घडणंच ओळखीचं वाटतं. गोष्ट शोधणाऱ्याला ‘दुनियादारी’ द्या. पहिल्या नोकरीत कंटाळलेल्या मुलाला ‘कोसला’ द्यायला हरकत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांच्या मतांत आणखी एक गोष्ट असते, जी फारसं कुणी बोलून दाखवत नाही. ती म्हणजे कुठली मराठी. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोरेंनी तंबाखू कामगार, ड्रायव्हर, देवदासी यांच्या जगाबद्दल लिहिलं, तेही सीमाभागातल्या बोलीत. ते वाचून चिकोडीकडचा वाचक म्हणतो, ‘हे तर आपल्यासारखंच बोलत्यात की!’ इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या वाचकाला तीच पानं दोनदा वाचावी लागतात. तिकडे पिढ्यान्पिढ्या जपलेली मराठी वेगळी, तिच्यात हिंदीची लय मिसळलेली. त्याचं ‘नाही झेपलं’ हे कादंबरीबद्दल नसून बोलीबद्दल असतं. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं तर ‘स्वामी’ आणि मोरे दोघांनाही ‘अवघड’ म्हणतात. खरं तर एकाची भाषा दरबारी, दुसऱ्याची रस्त्यावरची. अशा मुलांना मोरे मोठ्यानं वाचून दाखवावेत. डोळ्यांना अडणारी बोली कानाला अडत नाही.

महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’ हे याचंच दुसरं टोक. सैल कारवारकडचे, कोकणीतले नावाजलेले लेखक. पोर्तुगीज काळातल्या गोव्यातल्या धर्मांतराची ही मराठी कादंबरी. गोव्यातल्या वाचकाला तिच्यात आपल्या गावांचा आणि घराण्यांचा भूतकाळ दिसतो, त्यामुळे त्याचं मत सहसा शांत नसतं. हैदराबादेतला वाचक ती ऐतिहासिक कादंबरी म्हणून वाचतो आणि ‘जरा लांबली’ म्हणतो. वाचनालयात ‘तांडव’ मागायला गेलात, तर तिथल्या दोघातिघांना आधी विचारून बघा, आणि ते मूळचे कुठले हेही विचारा.