किलोओहमच्या मागे धावू नका

इलेक्ट्रिक गिटार हातात आली, मेटालिकाची दोन-चार रिफ बसली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हेवी वाजवायला पिकअप कुठला लावू? मुदखेडला किंवा लातूरला राहणाऱ्या मुलाला पिकअप वाजवून बघण्याची सोय सहसा नसते. तो ऑनलाइन दुकानं चाळतो. तिथे प्रत्येक पिकअपच्या नावापुढे एक आकडा असतो. कुठे ८ किलोओहम, कुठे १३.७, कुठे १६.४. मोठा आकडा म्हणजे जास्त दम, असं धरून पैसे भरले जातात. नावाजलेल्या कंपनीचा एक पिकअप नवशिक्याच्या अख्ख्या गिटारच्या किमतीला भिडू शकतो. एवढे पैसे घालण्याआधी तो आकडा नेमकं काय मोजतो, हे माहीत असायलाच हवं.

पिकअपचं मूळ मायकेल फॅरडेच्या १८३१च्या प्रयोगात आहे. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. गिटारची पोलादी तार पिकअपमधल्या चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातलं क्षेत्र त्याच लयीत कमीजास्त होतं आणि तेवढ्याच कंपनसंख्येचा क्षीण विद्युतसंकेत केबलमधून अॅम्प्लिफायरकडे निघतो. जॉर्ज बोशाँ यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हे तत्त्व गिटारवर बसवलं, त्याचं पेटंट १९३७ मध्ये मिळालं. आपल्याकडे हेच तत्त्व मिरवणुकीत वाजतं. बेंजो पार्टीतला तो कळांचा, पोलादी तारांचा बेंजो म्हणजे जपानी ताइशोगोतोच्या कुळातला बुलबुलतरंग. त्याच्या तारांजवळही असाच पिकअप बसवतात आणि तिथून आवाज भोंग्यांत जातो. रवी जाधव यांच्या २०१६च्या ‘बँजो’मध्ये रितेश देशमुख जे वाद्य घेऊन उभा होता, तेच हे. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोचा फाटलेला, धारदार आवाज आवडणाऱ्या कानाला मेटलची गिटार परकी वाटायचं कारण नाही.

आता आकड्याकडे येऊ. ज्यांच्या गावात पाण्याच्या मोटारी जळतात आणि वायंडिंगच्या दुकानात जातात, त्यांना तांब्याची एनॅमल तार नव्याने सांगायला नको. पिकअपमध्येही तीच असते, फक्त फार बारीक. सर्वांत जास्त वापरली जाणारी तार अमेरिकन मापात ४२ गेजची, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर जाडीची. इथे एक खड्डा आहे, तो आधीच दाखवतो. आपल्याकडचे वायंडिंगवाले ब्रिटिश गेज धरतात आणि त्या मापात ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटर जाड असते. पिकअप घरी गुंडाळून बघायचा असेल तर ब्रिटिश मापात ४६ नंबरच्या आसपासची तार मागा, नाहीतर निम्मे वेढेही बॉबिनवर मावणार नाहीत. दोन वेटोळ्यांच्या जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये एकूण दहा हजारांच्या घरात वेढे असतात. सरळ केली तर ती तार जवळपास दीड किलोमीटर भरेल. एवढ्या लांब आणि बारीक तारेचा रोध साधारण ८ किलोओहम येतो. वेष्टनावर छापलेला आकडा हाच. तो तारेचा रोध आहे, आवाजाची ताकद नव्हे.

खात्री करून घ्यायची तर साधा मल्टिमीटर पुरे. डिसेंबरात पहाटे, पारा १२ अंशांवर असताना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत मोजा. मीटर जवळपास ९ दाखवेल. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून तीस अंशांत बारा टक्के वाढ झाली. वेढे तेवढेच, चुंबक तेच आणि गिटारही काही उन्हाळ्यात जास्त जोरात वाजत नाही. दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. ४२ ऐवजी ४४ गेजची, ०.०५ मिलिमीटरची तार तेवढेच वेढे देऊन गुंडाळली तर आकडा सुमारे दीडपट होतो आणि निर्माण होणारा विद्युतदाब मात्र होता तेवढाच राहतो. एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या, एकाच घडणीच्या दोन पिकअपची तुलना करायची तर हा आकडा उपयोगी. त्यापलीकडे तो फसवा आहे.

मग ताकद येते कुठून? वेढ्यांची संख्या, चुंबकाचा जोर आणि तारेपासूनचं अंतर, या तिन्हींतून. वेढ्यांची मात्र किंमत मोजावी लागते आणि माझ्या मते सगळ्या निवडीचं मर्म इथेच आहे. वेढे दुप्पट केले तर विद्युतदाब दुप्पट होतो, पण वेटोळ्याचं प्रेरकत्व चौपट होतं. प्रेरकत्व हेन्रीमध्ये मोजतात. पिकअपचं प्रेरकत्व आणि केबलची धारकता मिळून एक अनुनादी कंपनसंख्या ठरते. तिच्याजवळचे स्वर उठून दिसतात, तिच्यावरचे झपाट्याने पडत जातात. पाच मीटरची केबल धरू, म्हणजे पिकअपच्या स्वतःच्या धारकतेसकट सुमारे ६०० पिकोफॅरड. साडेचार हेन्रीच्या पिकअपचा अनुनाद ३,००० हर्ट्झच्या आसपास येतो, ८ हेन्रीच्या पिकअपचा २,३०० वर उतरतो. कानाला हा फरक मोठा आहे. पिकाचा तारेवर बसणारा टोला, पाम म्यूटमधला ‘टक्’, दोन तारा वेगळ्या ऐकू येणं, हे सगळं याच पट्ट्यात राहतं. शिवाय दुप्पट विद्युतदाब म्हणजे ६ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे वेढे वाढवून मिळतं त्यापेक्षा जातं जास्त.

तरीही एके काळी जास्त वेढ्यांचे पिकअप लोकांनी डोक्यावर घेतले, आणि त्याला कारण होतं. १९७०च्या दशकात बहुतेक अॅम्प्लिफायर स्वतःहून फारसे फाटत नसत. त्यांच्या पहिल्या व्हॉल्व्हला जोराचा धक्का द्यायला ताकदीचा संकेत लागे. लॅरी डिमार्झिओ यांचा १९७२चा ‘सुपर डिस्टॉर्शन’ त्याच गरजेतून आला: सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे, १३.७ किलोओहम. पुढे सीमोर डंकन यांचा १६.४ किलोओहमचा ‘जेबी’ आला. तो अल्निको चुंबकाचा, मधल्या पट्ट्यात पुढे येणारा, आणि आजही खूप वापरला जाणारा. मुंबईत १९८४ मध्ये महेश तिनईकर आणि मंडळींचा ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला, १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवाने रंगभवन गाजवलं, तो काळ याच पिकअपच्या बहराचा. पण २००० मधला ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ किंवा २००३ मधला ‘भयानक मौत’ हे मेटल बँड ऐकून ज्यांनी गिटार उचलली, त्यांच्या हातातलं जग वेगळं आहे. आजच्या साध्या सराव-अॅम्पमध्ये आणि मोबाइलच्या अॅपमध्येही गेन पोटभर असतो. आधीच छाटल्या जाणाऱ्या संकेतात आणखी ६ डेसिबल ओतले तर आवाज मोठा होत नाही, गिचमिड होते.

ही गिचमिड कशी होते ते पाहण्यासारखं आहे. सगळ्यात जाड तारेवर ई म्हणजे ८२.४ हर्ट्झ, त्यावर पंचम बी म्हणजे १२३.५. हा मेटलचा पॉवर कॉर्ड. डिस्टॉर्शनमध्ये लाटेचे माथे छाटले गेले की दोन्ही स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. १२३.५ वजा ८२.४ म्हणजे ४१ हर्ट्झ, मूळ ई-च्या बरोबर खालच्या सप्तकातला ई. दोन तारांतून तिसरा, न वाजवलेला, खर्जातला स्वर उगवतो आणि कॉर्ड आहे त्याहून अवजड वाटतो. ३:२ या गुणोत्तराची ही किमया आहे. म्हणूनच या संगीतात षड्ज-पंचमाची जोडी राज्य करते आणि गांधार घातला की गोंधळ माजतो. आता तारा उतरवून सी-पर्यंत आणल्या तर मूळ स्वर ६५.४ आणि फरकाचा स्वर ३३ हर्ट्झच्या जवळ. आठ इंची स्पीकरला तो नीट वाजवता येत नाही. तरी अॅम्पची ताकद त्यात खर्च होते आणि वरचे स्वर झाकोळतात. म्हणून अनुभवी मेटलवादक डिस्टॉर्शनच्या आधी खर्ज कमी करतात. ट्यूब स्क्रीमर पेडलचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण, ही त्यांची जुनी युक्ती आहे. तारा जितक्या खाली उतरवाल, तितका पिकअप आटोपशीर खर्जाचा आणि वरच्या पट्ट्यात मोकळा हवा. दुकानातली जाहिरात नेमकी उलट सांगते.

मराठवाड्यात राहणाऱ्यासाठी मी आणखी एक निकष सगळ्यांच्या वर ठेवीन: घरघर. रेल्वेच्या विद्युतीकरणात डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तेही ५० हर्ट्झचे. मुदखेड तर जंक्शन. घरातली २३० व्होल्टची वायरिंग, ट्रान्सफॉर्मर, मिक्सर, सगळं त्याच ५० हर्ट्झवर गुणगुणत असतं आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप ते सगळं इमानेइतबारे टिपतो. वीज गेली आणि स्वस्त, चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर सुरू झाला की त्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झची करकर मिसळते. हाय गेनवर ही घरघर स्वराइतकीच मोठी होते. यावर उपाय सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत १९५५ मध्ये काढला. शेजारी दोन वेटोळी ठेवायची, दोन्ही उलट दिशांनी जोडायची आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवायचे. बाहेरची घरघर दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे खोडली जाते. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटल्यामुळे सरळ होऊन बेरजेत जातो. हाच हंबकर. हेवी वाजवायचं तर ब्रिजपाशी हंबकरच घ्या, त्यात दुमत नको. मात्र घराला अर्थिंग धड नसेल तर हंबकरही पूर्ण शांत होणार नाही. तारांना हात लावताच घरघर कमी होत असेल तर आधी सॉकेटची अर्थिंग तपासा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर अॅम्प लावणं जिवावरही बेतू शकतं, कारण गिटारच्या तारा अॅम्पच्या धातूच्या अंगाशी जोडलेल्या असतात.

अॅक्टिव्ह पिकअप हा तिसरा रस्ता. ईएमजी ८१ त्यातला सर्वांत नामांकित, मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डमुळे घराघरात पोचलेला. त्यात वेढे कमी ठेवून, आतच बसवलेल्या छोट्या प्रीअॅम्पने संकेत वाढवलेला असतो. म्हणून केबल लांब असली तरी वरचे स्वर बोथट होत नाहीत, घरघरही फार कमी. नऊ व्होल्टची बॅटरी लागते, पण ती महिनोन्‌महिने पुरते. फक्त वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायला हवी, कारण बहुतेक गिटारमध्ये केबल जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. त्याला व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट २५ किलोओहमचे लागतात. साध्या हंबकरला ५०० किलोओहमचे. पिकअप बदलून पॉट तेच ठेवले आणि मग ‘आवाज दबका येतो’ म्हणून पिकअपला नावं ठेवली जातात, हे टाळा. स्वभावाने अॅक्टिव्ह पिकअप एकसारखा असतो, हलका आणि जोराचा टोला यांतलं अंतर तो कमी करतो. वेगवान, ठोक्याठोक्याच्या रिफसाठी ते गुण आहेत. त्याच गिटारवर संथ, भावगीताच्या अंगाचं काही वाजवायचं असेल तर मला तो कोरडा वाटतो.

खर्च करण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धरा आणि तार ते पिकअप हे अंतर मोजा. ब्रिजच्या हंबकरला दीड ते दोन मिलिमीटर हे चांगलं सुरुवातीचं माप आहे. कित्येक गिटार कारखान्यातून याच्या दुप्पट अंतरावर येतात आणि मालक पिकअपला कमकुवत समजतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा हा प्रकार. स्क्रू थोडा थोडा फिरवत वर आणा आणि दर वेळी तोच एक रिफ वाजवून ऐका. फार जवळ नेलात तर चुंबक तारेला ओढतो, स्वर लवकर विझतो आणि किंचित बेसूर होतो. तिथून थोडं मागे या.

एवढं करूनही बदलायचाच असेल तर माझा कौल असा. साध्या ई ट्यूनिंगमध्ये आणि कमी गेनच्या अॅम्पवर वाजवणाऱ्याने ‘जेबी’ किंवा ‘सुपर डिस्टॉर्शन’च्या जातीचा पिकअप घ्यावा, त्याचा मधला पट्टा तिथे कामाला येतो. ड्रॉप सी किंवा त्याखाली वाजवणाऱ्याने सिरॅमिक चुंबकाचा पण मध्यम वेढ्यांचा हंबकर किंवा अॅक्टिव्ह घ्यावा. तीन-तीन जाड चुंबकांचे, सर्वांत मोठ्या आकड्याचे पिकअप नवशिक्याने टाळावेत. आणि विक्रेत्याला किलोओहमच्या जोडीला प्रेरकत्व किती हेन्री, हे विचारा. तो आकडा मिळेपर्यंत पैसे खिशातच राहू द्या.